साता समुद्रापलीकडचा साक्षीदार: अमेरिकी लष्कराचे तपासी अधिकारी स्थानिक पोलिसांना कशी मदत करतात

ओहायो राज्यातलं एक लहानसं शहर डोळ्यांसमोर आणा. शुक्रवारी रात्री एका बारच्या पार्किंगमध्ये बाचाबाची होते, कुणीतरी चाकू काढतो आणि एक तरुण जागीच जातो. मारणारा कोण याचा पोलिसांना अंदाज आहे, पण डोळ्यांनी पाहिलेलं कुणी पुढे येत नाही. सात महिन्यांनी एका मैत्रिणीच्या तोंडून नाव निघतं. एक मुलगा त्या रात्री तिथे उभा होता, सगळं पाहून घाबरला आणि निघून गेला. डिटेक्टिव्ह त्याच्या घरी पोचतो. दार आई उघडते. मुलगा आर्मीत भरती झाला, प्रशिक्षण संपलं, आता परदेशी आहे, असं ती सांगते.

आई त्याचं आलेलं पाकीट आणून दाखवते. पाकिटावर मुलाचं नाव, तुकडीचा क्रमांक, मग 'ए.पी.ओ., ए.पी.' अशी अक्षरं आणि ९६ ने सुरू होणारा पाच आकडी झिप कोड. देशाचं नाव नाही, गावाचं नाही. ए.पी.ओ. म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. पुढची दोन अक्षरं फक्त जगाचा पट्टा सांगतात: ए.ई. म्हणजे युरोप, मध्यपूर्व आणि आफ्रिका, ए.पी. म्हणजे प्रशांत महासागराकडचा भाग, ए.ए. म्हणजे अमेरिका खंडांतला उरलेला प्रदेश. यामुळे पत्राला देशांतर्गत दर लागतो आणि तुकडी नेमकी कुठे आहे हे पाकिटावरून कळत नाही. "कोरियात आहे बहुतेक," आई म्हणते. डिटेक्टिव्हच्या हातात आता एवढंच आहे.

हे प्रकरण मी समजावण्यासाठी रचलंय. पण अमेरिकेचे दीड लाखाहून जास्त सैनिक कायम परदेशात असतात, सर्वांत जास्त जपान, जर्मनी आणि दक्षिण कोरियात. बहुतेक जण विशी-पंचविशीतले. भांडणं, अपघात, पार्ट्या, नको ती संगत, या सगळ्यांत त्याच वयाची माणसं जास्त सापडतात आणि त्याच वयाची माणसं तिथे साक्षीला हजरही असतात. त्यामुळे असा प्रसंग अमेरिकेतल्या पोलिसांवर वारंवार येतो.

आता या डिटेक्टिव्हने करायचं काय?

पहिला विचार मनात येतो तो विमानात बसून जाण्याचा. पण पोलिसाचा अधिकार त्याच्या हद्दीपुरता. परक्या देशात तो एक साधा प्रवासी असतो आणि तिथे अधिकाऱ्यासारखा वागला तर स्वतःच अडचणीत येऊ शकतो. स्वित्झर्लंडच्या दंडसंहितेत कलम २७१ नेमकं यासाठीच आहे: परक्या राज्याच्या वतीने, परवानगीशिवाय, स्विस भूमीवर सरकारी काम करणं हा तिथे गुन्हा आहे. सगळ्या देशांत इतकं स्पष्ट लिहिलेलं नसेल, पण आपल्या अंगणात दुसऱ्याचा पोलीस चौकशी करत फिरलेला कुणालाच खपत नाही.

दुसरा मार्ग समन्सचा. ओहायोच्या न्यायालयाचं समन्स शेजारच्या राज्यात कसं बजावायचं यासाठी राज्याराज्यांत सामाईक कायदा आहे. देशाबाहेर मात्र त्या कागदाला जोर नाही. परदेशातल्या अमेरिकी नागरिकाला बोलावण्याचा अधिकार १९२६ च्या एका कायद्याने दिला, तो संघराज्याच्या न्यायालयांना. बारबाहेरचा खून हा राज्याच्या न्यायालयातला खटला.

तिसरा मार्ग दोन देशांमधल्या कायदेविषयक साहाय्य कराराचा. हा राजमार्ग आहे. अमेरिकेच्या न्याय खात्यात १९७९ पासून त्यासाठी वेगळं कार्यालय आहे. विनंती तिथे जाते, तपासली जाते, भाषांतरित होते, समोरच्या देशाच्या मंत्रालयात जाते, तिथून तिथल्या पोलिसांकडे उतरते. साक्षीदार कोरियन नागरिक असता, कोरियन घरात राहत असता, तर हाच मार्ग धरावा लागला असता आणि त्यात महिने गेले असते. इंटरपोललाही ठावठिकाणा विचारता येतो, त्यासाठी निळ्या रंगाची नोटीस असते. पण आपला साक्षीदार लपलेला नाही, पळालेला नाही. तो रोज सकाळी कवायतीला उभा राहतो. त्याच्या मालकाला, म्हणजे अमेरिकी लष्कराला, तो आज कुठल्या इमारतीत झोपला हे ठाऊक आहे.

म्हणून डिटेक्टिव्ह फोन लावतो तो लष्कराच्या तपास खात्याला.

कोण असतात हे लोक

अमेरिकेत प्रत्येक दलाचं स्वतःचं गुन्हे तपास खातं आहे. भूदलाचं सी.आय.डी., नौदल आणि मरीन कोअरचं एन.सी.आय.एस., हवाई दल आणि अंतराळ दलाचं ओ.एस.आय. तटरक्षक दलाचं वेगळं. छावणीच्या दारावर गणवेशात उभे असतात ते मिलिटरी पोलीस; हे ते नव्हेत. हे साध्या कपड्यांत वावरतात, खून, बलात्कार, मोठ्या चोऱ्या, अफरातफर असले गंभीर गुन्हे हाताळतात. एन.सी.आय.एस.चे बहुतेक अधिकारी तर सैनिकही नसतात, नागरी सेवेतले असतात.

सी.आय.डी.चं मूळ पहिल्या महायुद्धात आहे. १९१८ मध्ये फ्रान्समध्ये लाखो अमेरिकी सैनिक होते, गुन्हे वाढत होते, तेव्हा सेनापती पर्शिंग यांनी तपासासाठी स्वतंत्र विभाग काढायला लावला. म्हणजे या खात्याचा जन्मच परक्या भूमीवरचा. ओ.एस.आय. १९४८ ची, तिचे पहिले प्रमुख एफ.बी.आय.मधून आले होते. १९७१ मध्ये सी.आय.डी. स्वतंत्र कमांड झाली, आणि हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. तपासी अधिकारी त्या तळाच्या कर्नलच्या हाताखाली असेल, तर कर्नलच्या लाडक्या सार्जंटवरची तक्रार किती पुढे जाईल? स्वतःची वेगळी साखळी असली की तळावरचा वरिष्ठ तपास दाबू शकत नाही. बाहेरच्या पोलिसाला त्यांच्यावर विसंबता येतं ते बऱ्याच अंशी यामुळे.

सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. टेक्सासमधल्या फोर्ट हूड तळावरच्या एका तरुण सैनिक मुलीच्या २०२० मधल्या खुनानंतर नेमलेल्या स्वतंत्र समितीने सी.आय.डी.वर कडक ताशेरे ओढले: अधिकारी अननुभवी, आणि अनुभव येतो न येतो तोच बदली. पुढच्याच वर्षी खात्याची फेररचना झाली आणि प्रमुखपदी नागरी संचालक आला. परदेशातून मदत मागणाऱ्या पोलिसाच्या दृष्टीने हा मुद्दा कोरडा नाही. जबानी घेणारा माणूस कसलेला आहे की परवाच रुजू झालेला, यावर खटला तरू किंवा बुडू शकतो.

विनंती कोरियाला पोचते

डिटेक्टिव्ह सहसा जवळच्या तळावरच्या कार्यालयाला गाठतो. तिथला अधिकारी आधी तीन गोष्टी विचारतो: गुन्ह्याचा क्रमांक, नेमका माणूस कोणता, आणि तो संशयित आहे की साक्षीदार. मग सैन्याच्या नोंदींत नाव आणि जन्मतारीख घातली की तुकडी कळते. इथून तिथल्या कार्यालयाला जो कागद जातो त्याला सी.आय.डी.त 'रिक्वेस्ट फॉर असिस्टन्स' म्हणतात, बोलताना नुसतं आर.एफ.ए. समजा मुलगा प्योंगटेकजवळच्या कॅम्प हम्फ्रीजमध्ये आहे. हिवाळ्यात ओहायोत संध्याकाळचे सहा म्हणजे तिथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ. चौदा तासांचं अंतर. डिटेक्टिव्ह घरी जाऊन झोपतो तेव्हा तिकडे काम सुरू झालेलं असतं.

चांगल्या आर.एफ.ए.मध्ये नुसतं 'अमुकची जबानी घ्या' असं नसतं. काय घडलं, कोण कुठे उभं होतं, पार्किंगचा नकाशा, दिवे कुठे होते, साक्षीदार कुठून आला असावा, हे सगळं असतं. आणि काय सांगायचं नाही तेही असतं. चाकू कुठे टाकला हे फक्त मारणाऱ्याला आणि पाहणाऱ्यालाच माहीत असेल, तर विचारणाऱ्याने ते तोंडातून निसटू द्यायचं नाही. साक्षीदाराने आपणहून सांगितलं तरच त्याला किंमत.

तपासी अधिकारी तुकडीच्या प्रमुखांमार्फत मुलाला बोलावून घेतो. इथे एक काळजी घ्यावी लागते. वीस वर्षांच्या सैनिकाला सी.आय.डी.ने बोलावलंय ही बातमी बराकीत वाऱ्यासारखी पसरते, आणि बघता बघता साक्षीदाराचा आरोपी होतो. शहाणा अधिकारी प्रमुखाला आधीच स्पष्ट सांगतो, याने काही केलेलं नाही, याने पाहिलंय. एवढ्या एका वाक्याने त्या मुलाचे पुढचे कित्येक महिने सुकर होतात.

खोली लहान, टेबल, दोन खुर्च्या. मुलगा आधी म्हणतो, मी काही पाहिलं नाही. मग गप्प बसतो. मग विचारतो, आईला कळलंय का? सात महिने मनात दाबून ठेवलेलं बोलायला त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यावा लागतो. हे काम घाईचं नाही. व्हिडिओ कॉलवर ओहायोचा डिटेक्टिव्ह प्रश्न विचारू शकतो, आणि पुष्कळदा विचारतोही. पण समोर बसलेल्या माणसाला जे दिसतं ते पडद्यावर दिसत नाही. टेबलाखाली हलणारा पाय दिसत नाही.

बोलणं झालं की ते कागदावर येतं. भूदलात त्यासाठी ठरलेला फॉर्म आहे, डी.ए. २८२३, शपथेवरची जबानी. प्रत्येक पानाच्या तळाशी जबानी देणाऱ्याची आद्याक्षरं. कुठे खाडाखोड झाली, शब्द बदलला, तर त्या शेजारी पुन्हा आद्याक्षरं. पानावर 'एवढ्यांपैकी इतकवं पान' असा आकडा. शेवटी शपथ, सही, साक्षीदारांच्या सह्या. मजकूर संपतो तिथे पुढे काही नाही असं लिहून उरलेली जागा रेघ मारून बंद करतात. कंटाळवाणं वाटेल, पण दोन वर्षांनी ओहायोत आरोपीचा वकील हाच कागद उचलून विचारणार असतो, हे वाक्य नंतर कुणी घुसवलं का? तेव्हा पानाच्या कोपऱ्यातली दोन अक्षरं उत्तर देतात.

फोटो ओळखायचे असतील तर आणखी एक पथ्य. सहा फोटोंत संशयिताचा कोणता हे ज्याला ठाऊक नाही अशा अधिकाऱ्याने ते दाखवावेत. ठाऊक असलेला माणूस नकळत श्वास रोखतो, नजर रेंगाळते, आणि समोरचा ते टिपतो. या बाबतीत परदेशातला अधिकारी उलट सोयीचा, कारण आरोपीचा चेहरा त्याने कधी पाहिलेलाच नसतो. साक्षीदाराने त्या रात्रीचा व्हिडिओ स्वतःच्या फोनवर काढलेला असेल आणि राजीखुशीने दिला, तर फोन पाकिटात बंद होतो आणि डी.ए. ४१३७ या फॉर्मवर त्याचा प्रवास सुरू होतो: कुणी घेतला, कधी, कुणाकडे दिला, कशासाठी. टेबल बदललं की एक सही.

तोच मुलगा संशयित असता तर

मग सुरुवातच वेगळी झाली असती. अमेरिकेच्या लष्करी न्यायसंहितेत कलम ३१ब आहे. सैनिकावर संशय असेल, तर प्रश्न विचारण्याआधी त्याला सांगावं लागतं: कुठल्या गुन्ह्याबद्दल विचारतोय, उत्तर देणं बंधनकारक नाही, आणि जे बोलशील ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. ही संहिता १९५० ची. नागरी पोलिसांना अशी सूचना देणं भाग पाडणारा सर्वोच्च न्यायालयाचा प्रसिद्ध मिरांडा निकाल १९६६ चा. शिवाय मिरांडा लागू होतो तो माणूस ताब्यात असताना. ३१ब ला ताब्याची अट नाही. खुर्चीत मोकळा बसलेला असला तरी आधी सूचना.

सैनिकाला हे जास्तीचं संरक्षण का, असं कुणी विचारेल. कारण सैन्यात माणूस पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट शिकतो: वरिष्ठाने विचारलं की उत्तर द्यायचं. तिथे गप्प राहण्याचा हक्क आपोआप आठवत नाही, तो सांगावा लागतो. ओहायोच्या पोलिसाच्या विनंतीवरून विचारत असलो तरी लष्करी अधिकाऱ्याला ही पायरी गाळून चालत नाही. गाळली, तर मिळालेला कबुलीजबाब न्यायालयात टिकेल याची खात्री नाही.

संशयित सापडला की तो ओहायोला कसा पोचवायचा? संहितेचं कलम १४ म्हणतं की नागरी कायद्याखाली आरोप असलेल्या सैनिकाला, विनंती आल्यावर, नागरी अधिकाऱ्यांच्या हवाली करता येतं. 'करता येतं', करावंच असं नाही. निर्णय लष्करी वरिष्ठांचा. आणि परदेशातल्या तळावर ओहायोच्या पोलिसाने बेड्या ठोकायच्या असंही होत नाही. लष्कर त्या सैनिकाला बदलीच्या हुकमाने अमेरिकेच्या भूमीवर आणतं, ताबा तिथे दिला जातो. दरम्यान त्याच्या नावावर नोंद पडते, बढती, बक्षीस, सगळं थांबतं. खरी धास्ती वेगळीच असते: सेवेची मुदत संपून तो सैन्यातून सुटला तर साधा नागरिक होतो, आणि ज्या मालकाच्या जोरावर तो सापडला होता तो जोरच संपतो. अशा वेळी विनंती लवकर पोचली की उशिरा, यावर सगळं असतं.

समुद्रात असेल तर? विमानवाहू जहाजावर पाच हजारांच्या आसपास माणसं असतात, एक तरंगतं गावच. तिथे एन.सी.आय.एस.चा एक अधिकारी कायम मुक्कामी असतो. कॅलिफोर्नियातल्या एखाद्या शेरीफला हिंदी महासागरातल्या खलाशाची जबानी हवी असेल, तर ती घेणारा माणूस दोन मजले खाली बसलेला असतो.

कुठे थांबायचं

मदत करू शकतात म्हणून वाट्टेल ती मदत करतील असं नाही. १८७८ चा पॉसी कॉमिटॅटस कायदा म्हणतो की सैन्याचा वापर नागरी कायदा राबवायला करायचा नाही; मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. आपल्याच लोकांवर सैन्य पोलिसगिरी करणार नाही, ही यामागची भूमिका. सुरुवातीला तो भूदलापुरता होता, १९५६ मध्ये हवाई दल आलं. नौदल आणि मरीन कोअर कितीतरी वर्षं फक्त संरक्षण खात्याच्या नियमांनी बांधलेले होते, त्यांचं नाव कायद्यात यायला २०२१ उजाडलं.

मग ही मदत बेकायदा नाही का? नाही, कारण संशयित किंवा साक्षीदार सैनिक असतो तेव्हा त्यात लष्कराचा स्वतःचा संबंध असतो. शिवाय १९८१ पासूनचा कायदा लष्कराला नेहमीच्या कामात हाती आलेली माहिती नागरी पोलिसांना देऊ देतो. आणि हा बंदीचा कायदा अमेरिकेबाहेर लागू होत नाही असं न्याय खात्याने १९८९ मध्ये मत दिलं.

रेघ ओलांडली की काय होतं, याचं उदाहरण घरातलंच आहे. एन.सी.आय.एस.च्या एका अधिकाऱ्याने जॉर्जियात बसून इंटरनेटवर बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रं शोधताना आख्ख्या वॉशिंग्टन राज्यातले संगणक धुंडाळले. सैनिक कोण, नागरिक कोण, हा फरकच केला नाही. सापडला एक सामान्य नागरिक. २०१५ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या, अपील न्यायालयाच्या विस्तारित पीठाने नियमभंग झाल्याचं स्पष्ट सांगितलं. पुरावा मात्र बाद केला नाही. त्याआधीच्या वर्षी तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो बादही केला होता. इतक्या घृणास्पद गुन्ह्यातला पुरावा धोक्यात आला, तो तपास करणाऱ्याने आपली हद्द विसरल्यामुळे. मला याची चीड येते आणि न्यायालयाचं म्हणणं पटतंही.

अशीच बंद पेटी डेलावेअर राज्यातल्या डोव्हरला आहे. सैनिकांचे अवशेष ओळखता यावेत म्हणून प्रत्येकाच्या रक्ताचा नमुना तिथे साठवतात. गुन्ह्याच्या तपासासाठी तो सहज मागता येत नाही. गंभीर गुन्हा, न्यायालयाचा आदेश, आणि डी.एन.ए. मिळवायचा दुसरा मार्ग नसणं, या सगळ्या अटी लागतात. आपण मेलो तर ओळख पटावी म्हणून दिलेलं रक्त आहे ते.

बायका, मुलं, कंत्राटदार

तळावर फक्त सैनिक राहत नाहीत. त्यांच्या बायका, नवरे, मुलं, शाळेतले शिक्षक, कंत्राटी कामगार, असे हजारो नागरिक असतात. त्यांच्यावर लष्करी संहिता सहसा चालत नाही. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की इंग्लंडमधल्या तळावर हवाई दलातल्या नवऱ्याला मारणाऱ्या बायकोवर कोर्ट मार्शल चालवता येणार नाही, ती नागरिक आहे, तिला ज्युरीचा हक्क आहे. निकाल योग्यच होता, पण त्याने एक भगदाड पाडलं: यजमान देशाने खटला भरला नाही, तर अशा माणसावर कुणीच खटला भरू शकत नव्हतं.

ते भगदाड चाळीसेक वर्षं तसंच राहिलं. २००० साली एका माणसाची शिक्षा अपील न्यायालयाला रद्द करावी लागली. जर्मनीतल्या लष्करी वसाहतीत त्याने आपल्या सावत्र मुलीवर अत्याचार केले होते आणि ते सिद्धही झाले होते; फक्त अमेरिकी न्यायालयाला त्या जागेवर अधिकार नव्हता. न्यायालयाने निकालाची प्रत थेट काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समित्यांना पाठवायला सांगितली. त्याच नोव्हेंबरात नवा कायदा झाला: सैन्यासोबत परदेशात राहणाऱ्या नागरिकाने वर्षाहून जास्त शिक्षेचा गुन्हा केला, तर संघराज्याच्या न्यायालयात खटला चालेल. लष्कराचे तपासी अधिकारी त्याला परदेशात अटक करू शकतात, आणि पहिली सुनावणी न्यायाधीश फोनवरसुद्धा घेऊ शकतात.

साक्षीदार म्हणून मात्र ही माणसं स्वतंत्रच राहतात. सैनिकाच्या बायकोला कुणी हुकूम देऊ शकत नाही. अधिकारी दार वाजवू शकतो, विनंती करू शकतो. ती नाही म्हणाली की नाही. माझ्या मते इथेच तपासी अधिकाऱ्याची खरी कसोटी लागते, कारण हाताशी दरडावायला काही नसतं.

जुन्या प्रकरणांत या बायका-नवऱ्यांना फार महत्त्व येतं. एन.सी.आय.एस.ने १९९५ मध्ये न उलगडलेल्या खुनांसाठी वेगळं पथक काढलं. पंधरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या धाकाने गप्प बसलेली बायको घटस्फोटानंतर बोलते. तेव्हाचा जिवलग मित्र आज तोंडही बघत नाही. काळ पुरावे पुसतो, पण नाती बदलतात आणि तोंडं उघडतात. फक्त ती तोंडं आता चार देशांत विखुरलेली असतात.

उलट दिशेची मदत

आतापर्यंत अमेरिकी पोलिसाला मदत कशी मिळते ते पाहिलं. यजमान देशाच्या पोलिसालाही ती लागते, आणि ती देणं कराराने बांधलेलं असतं. नाटो देशांमध्ये १९५१ चा करार आहे. त्याचं सातवं कलम ठरवतं की कुठल्या गुन्ह्यावर कुणाचा हक्क पहिला. सैनिकाने आपल्याच सैन्याविरुद्ध किंवा ड्यूटीवर असताना गुन्हा केला, तर पहिला हक्क त्याच्या देशाचा; बाकी बहुतेक गुन्ह्यांत यजमानाचा. शोध, अटक, पुरावे यांत दोघांनी एकमेकांना साहाय्य करायचं हेही त्याच कलमात आहे. जपानशी १९६० मध्ये आणि कोरियाशी १९६६ मध्ये वेगळे करार झाले.

कागदावर हे नीट बसतं. माणसांच्या आयुष्यात काय होतं ते १९९५ मध्ये ओकिनावात दिसलं. ४ सप्टेंबरला तिघा अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीला पळवून नेऊन तिच्यावर बलात्कार केला. संशयित लगेच कळले. ते अमेरिकी ताब्यात होते. पण जपानशी झालेल्या करारानुसार आरोपपत्र दाखल होईपर्यंत ताबा अमेरिकेकडे राहत असे. जपानी पोलिसांच्या हाती ते मिळाले २९ सप्टेंबरला. पोलिसांना गुन्हेगार कोण ते ठाऊक, कुठे आहेत तेही ठाऊक, आणि मध्ये कुंपण. ओकिनावाचे लोक रस्त्यावर उतरले. २५ ऑक्टोबरला दोन्ही सरकारांनी मान्य केलं की खून आणि बलात्काराच्या प्रकरणांत आरोपपत्राआधी ताबा देण्याचा अमेरिका सहानुभूतीने विचार करेल. शब्द जपून वापरलेले आहेत, 'देईल' असं नाही. त्या मुलीच्या शेजाऱ्यांना ते पुरेसे वाटले नसतील तर नवल नाही.

रोजच्या कामात हे संबंध जुळतात ते तिथल्या माणसांमुळे. जपान, कोरिया, जर्मनीतल्या लष्करी तपास कार्यालयांत स्थानिक कर्मचारी असतात, दुभाषे आणि तपासातले मदतनीस. अमेरिकी अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलून जातो, हे तिथेच राहतात. कुठल्या ठाण्यात कुणाला विचारायचं, कुठला प्रश्न कधी विचारायचा नाही, हे त्यांनाच माहीत असतं. कॅम्प हम्फ्रीजच्या मुलाने सांगितलं असतं की मी हे सगळं इथल्या एका कोरियन मैत्रिणीला बोललो होतो, तर तिच्या घरी सी.आय.डी. परस्पर गेली नसती. कोरियन पोलिसांकडून गेली असती.

साक्ष शेवटी कोर्टातच

इतकं सगळं करून ओहायोच्या डिटेक्टिव्हच्या टेबलावर सही-शिक्क्याची जबानी येते. तेवढ्यावर खटला जिंकता येईल? नाही. अमेरिकी राज्यघटनेची सहावी दुरुस्ती आरोपीला आपल्याविरुद्धच्या साक्षीदाराला समोरासमोर प्रश्न विचारण्याचा हक्क देते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क आणखी घट्ट केला: पोलिसांनी घेतलेली अशी जबानी कोर्टात वाचून दाखवायची असेल, तर साक्षीदार खरोखरच मिळण्यासारखा नसावा आणि आरोपीला त्याची उलटतपासणी करायची संधी आधी मिळालेली असावी. कोरियात राहतो म्हणून मिळण्यासारखा नाही, असं सहजासहजी चालत नाही.

म्हणजे मुलाला ओहायोला आणावं लागणार. तुकडीकडून रजा, प्रवासाचा खर्च कुणी करायचा, सराव चालू असेल तर तारीख पुढे, असा पत्रव्यवहार सरकारी वकील आणि लष्कराच्या कायदा कार्यालयात सुरू होतो. हे काम तपासी अधिकाऱ्याचं नाही. त्याचं एक काम उरलेलं असतं, आणि ते अनुभवी अधिकारी विसरत नाही.

कोरियातली नेमणूक कुटुंबाशिवाय असेल तर साधारण एक वर्षाची. खटल्याची तारीख पडेपर्यंत हा मुलगा तिथे असेलच असं नाही. टेक्सासला असेल, जर्मनीला असेल, किंवा सैन्य सोडून गेलेला असेल. भूदलात परदेशातून परतण्याच्या ठरलेल्या तारखेला डेरोस म्हणतात. आर.एफ.ए.च्या उत्तरात, जबानी आणि फोटोंच्या कागदांनंतर, अधिकारी शेवटच्या ओळीत मुलाची डेरोस लिहितो, आणि खाली त्याने स्वतःहून दिलेला आईचा फोन नंबर.